मुलाची पहिली रिमोटची गाडी: नागपूरच्या बर्डी बाजारात निघण्याआधी जागा मोजा

रिमोटची गाडी घ्यायची म्हटलं की घरोघरी आधी खोक्यावरचा वेग पाहिला जातो, मग रंग, मग किंमत. त्याआधी एक काम करा. टेप घ्या आणि गाडी जिथे धावणार ती जागा मोजा. पहिली गाडी पोराला लळा लावते की आठ दिवसांत पलंगाखाली जाते, हे ती त्याच्या ताब्यात राहते की नाही यावर ठरतं. आणि ताबा जागेवर अवलंबून असतो.

हिशेब सोपा आहे. ताशी १० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे पावणेतीन मीटर. बारा फुटांचा हॉल साडेतीन मीटरच्या थोडा वर भरतो, म्हणजे गाडी सव्वा सेकंदात समोरच्या भिंतीवर. ताशी ३० ची गाडी तोच हॉल अर्ध्या सेकंदाच्या आत संपवते. गाडी भिंतीकडे चाललीय हे सहा वर्षांच्या मुलाला कळेपर्यंत ती आदळलेली असते. म्हणून घरात ताशी ५-६, फ्लॅट स्कीमच्या पार्किंगमध्ये किंवा बॅडमिंटन कोर्टवर १० ते १५ आणि मोकळ्या मैदानावर २० ते २५ एवढा वेग पहिल्या गाडीला भरपूर झाला. त्यापुढचा वेग दुसऱ्या गाडीसाठी राखून ठेवा.

खोक्यावर १:२४, १:१८ असे आकडे असतात. खऱ्या गाडीच्या लांबीचा तितकावा भाग, एवढाच त्याचा अर्थ. चार मीटरची खरी गाडी १:२४ मध्ये साधारण १७ सेंटिमीटरची होते, १:१८ मध्ये २२, १:१६ मध्ये २५ आणि १:१० मध्ये ४० सेंटिमीटरची. १:२४ ची गाडी टाइल्सवर छान पळते, पण पायपुसणीच्या कडेला आणि उंबरठ्याला अडकते. १:१० ची गाडी वजनदार असते. वेगात घोट्यावर बसली तर मोठ्या माणसालाही खाली बसवते. सहा ते नऊ वर्षांच्या मुलासाठी १:१८ किंवा १:१६ चा, मोठ्या चाकांचा आणि पोटाखाली निदान दोन बोटं जागा असलेला ट्रक घ्यावा, असं आमचं ठाम मत आहे. चकचकीत स्पोर्ट्स कारचं पोट जमिनीला टेकलेलं असतं. ले-आऊटमधल्या मुरमाच्या रस्त्यावर ती दहा फूट जात नाही.

वयाचंही पाहा. तीन वर्षांखालच्या मुलाला या गाड्या देऊच नयेत, सुटे भाग तोंडात जातात. तीन ते पाचसाठी दोन-चार मोठ्या बटणांचा रिमोट आणि मऊ बंपरची गाडी बरी. तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी गर्दीतून, वळणावरून न पाडता ओढत नेणारं मूल बटणांच्या पुढे जायला तयार झालं असं समजा. आणि बोजाऱ्याच्या, म्हणजे तान्ह्या पोळ्याला मुलाला मिळालेल्या पैशांतून गाडी घ्यायची असेल तर निवडताना मुलाला सोबत न्या; रिमोट त्याच्या हातात बसतो का हे दुसऱ्या कुणाच्या हातावरून कळत नाही.

सगळ्यांत महत्त्वाचा फरक डोळ्यांना दिसत नाही. स्वस्त गाडीचा रिमोट दिव्याच्या बटणासारखा असतो: दाबलं की पूर्ण वेग, सोडलं की बंद, डावीकडे म्हणजे पूर्ण डावीकडे. चांगल्या रिमोटला ट्रिगर जितका दाबाल तितकाच वेग आणि चक्र जितकं फिरवाल तितकंच वळण मिळतं. दुकानदार याला 'प्रपोर्शनल' म्हणतात. पहिल्या प्रकारात मूल वळायला शिकत नाही, नुसतं आदळायला शिकतं. वेगाच्या आकड्यावर पाचशे रुपये जास्त घालवण्यापेक्षा ते या गोष्टीवर घालवा. याच कारणासाठी 'रॉक क्रॉलर' ही जात पहिली गाडी म्हणून उत्तम. तिचे गिअर जोर देतात, वेग देत नाहीत. चालत्या माणसाच्या गतीने ती विटांवरून, चपलांवरून, कुंडीच्या कडेवरून चढते. एक मात्र तपासा: खोक्यावर क्रॉलर लिहिलेल्या स्वस्त गाड्यांतही बरेचदा दिव्याच्या बटणासारखाच रिमोट निघतो.

आता दुकानात. बर्डीच्या मेन रोडवर खोकं उघडून दाखवतात, इतवारीच्या ठोक बाजारात त्याला कुरकुर होते. "भाऊ, सेल टाकून एकदा चालवून दाखवा," एवढं म्हणायला संकोच करू नका. हवे तर पेन्सिल सेल घरून न्या. गाडी हातात उचलून धरा, चाकं हवेत. ट्रिगर अगदी हळू दाबा. चाकं हळू फिरायला लागून मग वेग वाढला तर रिमोट चांगला. एकदम गरगरली तर तो बटणाचाच, आकार काही का असेना. चक्र अर्धं फिरवा, पुढची चाकं अर्धीच वळायला हवीत. सोडा, चाकं सरळ परत यायला हवीत. मग ट्रिगर थोडा दाबलेला असतानाच रिमोट बंद करा. गाडी एक-दोन सेकंदांत थांबली पाहिजे. चाकं फिरतच राहिली तर ती गाडी काउंटरवरच सोडून या. रस्त्याच्या कडेला रिमोटचे सेल संपले, तर तीच गाडी वाहनांत शिरेल आणि मूल तिच्या मागे धावेल.

मग ती उलटी करा. बॅटरीच्या झाकणाला स्क्रू हवा, नुसती खटकी नको. खालचा भाग स्क्रूंनी बसवलेला असेल तर गाडी उघडता येते. चिकटवलेला असेल तर पहिला गिअर तुटला की ती संपली. रिमोट २.४ गिगाहर्ट्झचा आहे ना, ते खोक्यावर वाचा. जुन्या २७ मेगाहर्ट्झच्या दोन गाड्या एकत्र चालवल्या तर एका रिमोटने दोन्ही पळतात, आणि भाऊ-बहीण दोघांना घेणार असाल तर भांडण ठरलेलंच. १ जानेवारी २०२१ पासून भारतात खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. विजेच्या खेळण्यांचं मानक आयएस १५६४४. चिन्हाजवळ 'सीएम/एल' ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो; तो भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये टाकला की कंपनीचं नाव दिसतं. खोक्यावरचं नाव त्याच्याशी जुळतं का ते पाहा.

शेवटचा प्रश्न दुकानदाराला: याची जादा बॅटरी आणि गिअर मिळतात का? उत्तर "गाडीच बदलून घ्या" असं आलं, तर ती गाडी वर्षभराची नाही.

बॅटरीचं गणित समजून घेतलं की निम्म्या तक्रारी संपतात. या आकाराच्या गाड्यांत बहुधा ३.७ व्होल्ट, ५०० मिलीअ‍ॅम्पिअर-अवरची, म्हणजे अर्धा अ‍ॅम्पिअर तासभर देणारी बॅटरी असते. मोटर सरासरी दोन अ‍ॅम्पिअर ओढत असेल तर ती १५ मिनिटं चालते. चार्जिंगला मात्र एक ते दोन तास लागतात. म्हणजे पंधरा मिनिटं खेळ आणि दोन तास रडारड. उपाय एकच, पहिल्याच दिवशी दुसरी बॅटरी घ्या. बॅटरीचा प्लग आणि व्होल्ट दोन्ही जुळले पाहिजेत. ३.७ च्या गाडीत ७.४ ची बॅटरी घातली की ती काही मिनिटं वाऱ्यासारखी पळते, आणि मग आतली सर्किटची पट्टी जळाल्याचा वास येतो. यूएसबी वायरमधली चिपच किती करंट घ्यायचा ते ठरवते, त्यामुळे मोबाइलच्या फास्ट चार्जरने काही लवकर होत नाही. साधा ५ व्होल्टचा पुरे. चार्जिंग फरशीवर करा, गादीवर नाही, आणि रात्रभर लावून झोपू नका. फुगलेली बॅटरी टोचू नका, कचऱ्यात टाकू नका. कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

नागपूरच्या उन्हाळ्यात तर हे दुप्पट सांभाळावं लागतं. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते, आणि मे महिन्यात आपल्या गच्चीवर सावलीतच तेवढा पारा असतो. उन्हात उभ्या कारच्या डॅशबोर्डवर गाडी विसरणं हा बॅटरी मारण्याचा हमखास मार्ग. सुट्ट्यांत खेळ सकाळी आठच्या आत किंवा दिवस कलल्यावर. खेळून आल्यावर बॅटरी बाहेर काढा, अर्धा तास थंड होऊ द्या, मग चार्जरला लावा. एक बॅटरी संपली की मोटरवरच्या झाकणाला बोट लावा. पाच सेकंद टेकवता येत नसेल तर दुसरी बॅटरी लगेच घालू नका, पंधरा मिनिटं थांबा. घरात असाल तर कूलरखालच्या ओल्या पट्ट्यापासून गाडी दूर ठेवा. खोक्यावर वॉटरप्रूफ लिहिलेलं असलं तरी या गाड्या फार तर चार शिंतोडे सहन करतात. पावसाळ्यात आपली काळी माती चाकांतून गिअरमध्ये जाते आणि वाळली की सिमेंट होते. ओली असताना पुसायला गेलात तर ती आणखी आत जाते. पूर्ण वाळू द्या आणि जुन्या टूथब्रशने झाडा.

पहिल्या दिवशी आधी रिमोट चालू करा, मग गाडी. बंद करताना उलट: आधी गाडी, मग रिमोट. मुलाला गाडीच्या मागे उभं करा आणि गाडीसोबत चालू द्या. गाडी समोरून आपल्याकडे येते तेव्हा डावं-उजवं उलटं होतं, आणि सगळी मुलं तिथेच अडतात. तोंड गाडी जाते त्याच दिशेला करून मान मागे वळवून पाहायला सांगा. म्हणजे त्याचा डावा हात आणि गाडीची डावी बाजू एकच राहते. चार दिवसांत मग वळावं लागत नाही. सहा चपला एकेक मीटरवर ओळीत मांडा आणि मधून नागमोडी काढायला लावा. चपला न हलवता तीनदा जमलं की अंतर कमी करा.

वेग फार वाटत असेल आणि रिमोटवर वेग कमी करायची कळ नसेल, तर एक साधी युक्ती आहे. खोडरबराचा करंगळीच्या नखाएवढा तुकडा कापा आणि दुहेरी चिकटपट्टीने ट्रिगरच्या मागच्या पोकळीत चिकटवा. ट्रिगर अर्धाच दाबला जाईल, गाडी अर्ध्याच वेगाने जाईल. आठवडाभराने तुकडा थोडा तासा. हे फक्त प्रपोर्शनल रिमोटवर चालतं.

सगळ्यांत जास्त गिअर मोडतात ते एका सवयीमुळे: पुढे सुसाट जात असताना एकदम रिव्हर्स. मोटर उलटी फिरते, चाकं अजून सुलटी, आणि मधले प्लास्टिकचे दात सोलून निघतात. 'सोड, एक म्हण, मग मागे' हे पहिल्या दिवसापासून तोंडपाठ करून घ्या. मोटरचा आवाज येतो पण गाडी जागची हलत नाही, सोबत कटकट ऐकू येते, तर दात गेले आहेत किंवा मोटरच्या टोकाचा छोटा गिअर सैल झाला आहे. गाडी एका बाजूला ओढत असेल तर ती खराब नाही. रिमोटवर किंवा पोटाखाली 'ट्रिम'ची छोटी चकती असते, ती थोडी फिरवा. दहा फुटांवरच रेंज सुटते तेव्हा आधी रिमोटचे सेल बदला, सगळे एकदम. जुने-नवे मिसळू नका. महिनाभर खेळ बंद राहणार असेल तर सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरून स्प्रिंगा खातात.

जानेवारीत आणखी एक दुखणं येतं, ते म्हणजे मांजाचं. संक्रांतीनंतर मैदानावर, गच्चीवर, पार्किंगच्या कोपऱ्यात तुकडे पडलेले असतात आणि मागचं चाक ते गुंडाळून घेतं. गाडी हळू झाली, मोटर तापली, चाकाजवळ किंचित जळका वास आला, तर लगेच थांबवा. नायलॉनचा धागा घर्षणाने मऊ होऊन धुऱ्याला चिकटतो. टोक धरून ओढू नका, तो आणखी आवळतो आणि बोटही कापतो. बॅटरी काढा, चाकाच्या मधला स्क्रू सोडवून चाक बाहेर घ्या, गुंडाळी दोन जागी टोकदार कात्रीने आडवी कापा आणि तुकडे चिमट्याने वेचा. चाक परत बसवून बोटाने फिरवा. मागचं चाक गिअरला जोडलेलं असल्याने जड फिरतं, पण पूर्ण फेऱ्यात सारखंच जड असायला हवं. एकाच जागी अडखळत असेल तर आत अजून एक तुकडा आहे.