‘इग्रीजस’ हे विशेषण कसे शिकावे

इंग्रजीतील ‘इग्रीजस’ (egregious) या विशेषणाचा अर्थ ‘अत्यंत वाईट’ एवढाच पाठ करून जो विद्यार्थी ते वापरू लागतो, तो लवकरच बेचव जेवणाला, कुंद हवेला आणि कंटाळवाण्या चित्रपटालाही तेच विशेषण जोडतो; वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष असते, तरी वाचणाऱ्याला खटकते. या शब्दात वाईटपणाइतकाच उठून दिसण्याचा भाव आहे, आणि तो हाती आला की पुढचे शिकणे सोपे होते.

प्रथम उच्चार पक्का करावा. स्पेलिंगमध्ये ‘जी’ हे अक्षर दोनदा येते. पहिल्याचा उच्चार ‘ग’ आणि दुसऱ्याचा ‘ज’ होतो. हा ‘ज’ मराठीतील ‘जसा’मधला नसून ‘जेवण’मधला आहे, त्यामुळे केवळ देवनागरी लिप्यंतर वाचून मराठी माणूस हमखास फसतो. आघात ‘ग्री’वर येतो, आणि शब्द स्वराने सुरू होत असल्याने त्याच्याआधी ‘ॲन’ हे उपपद लागते.

त्यानंतर व्युत्पत्ती पाहावी. लॅटिनमध्ये ‘ग्रेक्स’ म्हणजे कळप. कळपाबाहेर उभा असलेला, चारचौघांत वेगळा दिसणारा, तो ‘एग्रेजियस’. परीक्षेच्या गुणांचे ‘ॲग्रिगेट’ आणि ओल्या-सुक्या कचऱ्याचे ‘सेग्रिगेशन’ हे आपल्या रोजच्या परिचयाचे शब्द याच कळपातले आहेत. मूळ शब्द प्रशंसेचा होता. गणितज्ञ गाउस याने १८२७ मध्ये वक्र पृष्ठांविषयीच्या आपल्या सिद्धान्ताला ‘थिओरेमा एग्रेजियम’, म्हणजे उल्लेखनीय सिद्धान्त, असे नाव दिले, आणि इटालियन पत्रांच्या मायन्यात ‘एग्रेजियो’ हा शब्द आजही आदराने लिहिला जातो. इंग्रजीतही १६व्या शतकात तो आधी चांगल्या अर्थाने आला आणि त्याच शतकाच्या उत्तरार्धात उलटला. उपरोधाने वापरता वापरता ते घडले असावे, असे मानले जाते. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. ‘हे महाभाग कोण?’ असे आपण विचारतो तेव्हा भाग्याचा संबंध नसतो, ‘दिवटे चिरंजीव’ उजेड पाडत नाहीत, आणि ‘मुलाचे प्रताप’ ऐकून बापाची छाती फुगत नाही.

आता खरा अभ्यास, तो म्हणजे सोबतची नामे. हे विशेषण बहुधा चूक, उल्लंघन, गैरवर्तन, दुरुपयोग, अन्याय, असत्य किंवा ‘उदाहरण’ अशा नामांबरोबर येते, म्हणजे जिथे कोणीतरी पाळायला हवी अशी मर्यादा ओलांडलेली असते तिथे. हवेला मर्यादा पाळायची नसते, म्हणून हवा कितीही वाईट असली तरी ‘इग्रीजस’ होत नाही. मराठीत याला एकच प्रतिशब्द शोधू नये. ‘इग्रीजस एरर’ला आपल्याकडे ‘घोडचूक’ हा नेमका शब्द आहे. असत्य असेल तर ‘धडधडीत’, अन्याय असेल तर ‘घोर’, आणि नियमभंग असेल तर ‘ढळढळीत’ हे विशेषण शोभते. माझ्या मते यांपैकी ‘ढळढळीत’ मूळ अर्थाच्या सर्वांत जवळ जाते, कारण त्यातही दिसण्याचाच भाव आहे. सात मजल्यांची परवानगी असताना अकरा मजले चढवले, तर ते ‘इग्रीजस व्हायोलेशन’ होय. बाल्कनीला नियमाबाहेर जाळी बसवली, तर तोही नियमभंगच, पण त्याला हे विशेषण लावणे म्हणजे उंदराला तोफ डागणे आहे.

‘हीनस’ (heinous) या शब्दाशी याची गल्लत होते. तो क्रूर, अमानुष गुन्ह्यांसाठी आहे आणि आपल्याकडे त्याला कायद्याचा आधारही आहे: २०१५च्या बाल न्याय कायद्यात किमान सात वर्षे किंवा त्याहून अधिक कारावासाची शिक्षा असलेल्या गुन्ह्यांचा ‘हीनस’ असा वर्ग केला आहे. हिशेबातील प्रचंड चूक ‘इग्रीजस’ असू शकते, ‘हीनस’ नव्हे.

सरावासाठी इंग्रजी दैनिकांतील अग्रलेख आणि न्यायालयीन निकालांच्या बातम्या उपयोगी पडतात, कारण हा शब्द औपचारिक लेखनात रमतो आणि गप्पांत अवघडल्यासारखा वाटतो. तो आढळला की सुटा न उतरवता पुढच्या नामासकट वहीत लिहावा आणि शेजारी त्या जोडीचा मराठी पर्याय स्वतः शोधून मांडावा. अशा दहा-बारा जोड्या झाल्या की मगच स्वतःची वाक्ये रचावीत. ‘मोस्ट इग्रीजस’ हा प्रयोग सर्रास आढळतो, मात्र ‘व्हेरी इग्रीजस’ टाळावे, कारण शब्दातच पराकोटी आहे. आणि कार्यालयातील सहकाऱ्याच्या ईमेलमध्ये एखादे स्पेलिंग चुकले असेल, तर त्याला उत्तर लिहिताना साधे ‘मिस्टेक’ पुरते.