व्हायोलेंट फेम्सचा पहिला अल्बम कसा ऐकावा

व्हायोलेंट फेम्स या अमेरिकन त्रिकुटाचा, बँडच्याच नावाने 1983 साली निघालेला पहिला अल्बम नव्या श्रोत्याला बहुधा अपुरा वाटतो. विजेवरच्या गिटारचा मारा नाही, ड्रमचा पुरा संच नाही, आणि गाणारा मुलगा चिडला आहे की रडवेला झाला आहे हे चटकन कळत नाही. तरीही चाळीस वर्षांनंतर हा अल्बम शिळा झालेला नाही, आणि माझ्या मते त्याचे कारण या अपुरेपणातच आहे. त्या काळच्या रॉक संगीतातले जे जे पुढे जुनाट वाटू लागले, ते यात मुळी घातलेच नव्हते. म्हणून तो ऐकताना वाद्यांमधल्या मोकळ्या जागेकडे कान ठेवावा.

ही मोकळी जागा कोठून आली हे आधी समजून घेतलेले बरे. गायक-गिटारवादक गॉर्डन गॅनो, बासवादक ब्रायन रिची आणि ड्रमवादक व्हिक्टर डिलोरेन्झो हे तिघे विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकी शहरात रस्त्यावर उभे राहून वाजवत असत. ऑगस्ट 1981 मध्ये तेथील ओरिएंटल थिएटरबाहेर ते वाजवत असताना, त्याच थिएटरात कार्यक्रमासाठी आलेल्या प्रिटेंडर्स या बँडचा गिटारवादक जेम्स हनीमन-स्कॉट याने त्यांना ऐकले आणि त्याच रात्री गायिका क्रिसी हाइंड हिने त्यांना रंगमंचावर थोडा वेळ दिला. पुढच्या वर्षी विस्कॉन्सिनमधल्याच लेक जिनिव्हा या गावातल्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण झाले, त्यासाठीचे 10,000 डॉलर डिलोरेन्झोच्या वडिलांनी उसने दिले होते. हाताने उचलून नेता येतील आणि विजेवाचून वाजतील अशीच वाद्ये रस्त्यावर चालतात. स्टुडिओत गेल्यावरही या तिघांनी बहुतांशी तीच ठेवली, हा त्यांचा सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता.

आता प्रत्यक्ष ऐकण्याविषयी. मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर हा अल्बम अजिबात ऐकू नये, कारण त्यात बास या खालच्या सुरांच्या गिटारचा आवाज हरवतो आणि बास हरवला की अर्धा अल्बम गेला. साधे पण बरे हेडफोन पुरेसे आहेत. गाण्यांचा क्रम मूळचाच ठेवावा. रेकॉर्डच्या प्रत्येक बाजूस पाच, अशी एकूण दहा गाणी चाळीस मिनिटांच्या आत संपतात, तेव्हा ती एका बैठकीत ऐकणे अवघड नाही. आवाजाची पातळी सुरुवातीलाच ठरवावी आणि मग हात लावू नये. ‘ब्लिस्टर इन द सन’ या पहिल्याच गाण्यात शेवटाकडे सारे काही कुजबुजीइतके खाली उतरते, तेथे आवाज वाढवला तर लगेच होणारी उसळी कानावर आदळते आणि तिचा डौलही जातो.

दुसऱ्यांदा ऐकताना गायकाला बाजूला ठेवून फक्त रिचीच्या मागे जावे. तो अकूस्टिक, म्हणजे विजेवाचून वाजणारा, बास वाजवतो. एरवी पाठीमागे राहून ठेका सांभाळणारे हे वाद्य येथे चालीला प्रश्न विचारते, उत्तर देते, मध्येच पुढे धावते. ‘प्लीज डू नॉट गो’मध्ये तर एकल वादनाची जागाच बासने घेतली आहे, आणि ती पुन्हा पुन्हा ऐकण्यासारखी आहे. डिलोरेन्झोकडे लक्ष द्यायचे तर त्याच्या ब्रशांकडे द्यावे. तो काठ्यांऐवजी बऱ्याचदा ब्रश वापरतो, आणि त्याच्या ‘ट्रान्साफोन’ या वाद्याचे सारे रहस्य म्हणजे ड्रमवर पालथे घातलेले पत्र्याचे टोपले. त्याचा कोरडा, खरखरीत आवाज एकदा ओळखू आला की मग तो चुकत नाही.

गॅनोचा आवाज ही सर्वांत कठीण पायरी आहे. यांतली बरीच गाणी त्याने शाळकरी वयात लिहिली आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळी तो 19 वर्षांचा होता. ‘किस ऑफ’मध्ये तो एक ते दहा मोजत जातो आणि प्रत्येक आकड्याला आपल्या दुःखाचे एकेक कारण जोडतो, पण आठपाशी येताच त्याला कारणच आठवत नाही. संतापाच्या ऐन भरात झालेली ही विस्मृती इतकी खरी आहे की हसू आणि कणव एकदमच येतात. ‘अ‍ॅड इट अप’ची सुरुवात वाद्यांवाचून, एकट्या आवाजाने होते, आणि पुढे गाणे जसे चढत जाते तसा गायकाचा तोल सुटत जातो. या गाण्यात शिव्या आहेत आणि विषय वयात येणाऱ्या मुलाच्या वासनेचा व हिंसक विचारांचा आहे, त्यामुळे लहान मुलांसमोर ते लावू नये. प्रेम नाकारले गेल्यावर ते आपला हक्कच होता असे समजणारा हा मुलगा बरोबर आहे, असे गाणे म्हणत नाही. ते त्याला बोलू देते, एवढेच, आणि श्रोत्याने त्याच अंतरावरून ऐकावे.

दुसऱ्या बाजूची पहिली तीन गाणी मला तुलनेने फिकी वाटतात. ‘गॉन डॅडी गॉन’पासून मात्र सावध व्हावे. त्यात झायलोफोन हे काठ्यांनी वाजवायचे पट्ट्यांचे वाद्य आघाडीवर आहे आणि मध्ये विली डिक्सन या ब्लूज गीतकाराच्या ओळी येतात, त्यामुळे या मुलांनी जुने अमेरिकन संगीत किती मन लावून ऐकले होते ते कळते.

या अल्बमचा प्रसार एकाने दुसऱ्याला ऐकवत, अतिशय सावकाश झाला. 1991 मध्ये अमेरिकेत त्याला 10 लाख प्रतींबद्दलची प्लॅटिनम मान्यता मिळाली, तोवर बिलबोर्ड या अमेरिकन संगीत नियतकालिकाच्या 200 अल्बमांच्या यादीत तो एकदाही आला नव्हता. आपणही तो कोणाला ऐकवणार असाल, तर एखादे गाणे सुटे न पाठवता निदान पहिली बाजू सलग ऐकवावी. सीडीवर दोन जादा गाणी जोडलेली आहेत, ती पहिल्या वेळी वगळावीत. मूळ क्रमात शेवटी येणारे ‘गुड फीलिंग’ हे संथ, व्हायोलिनचे गाणे संपले की थांबावे, आणि मग 1984 सालचा त्यांचा दुसरा, अधिक गडद असा ‘हॅलोड ग्राउंड’ हाती घ्यावा.