कास्तेलबुओनोला जाताय? या चुका टाळा

सिसिलीच्या सहलीत पालेर्मो, एटना, ताओर्मिना हे ठरलेलं असतं. वेळ उरलाच तर कास्तेलबुओनो 'उरकायचं', असा बेत दिसतो. पहिली चूक हीच. मादोनिए डोंगरांतलं हे गाव किनाऱ्यावरच्या चेफालू शहरापासून जेमतेम वीस-बावीस किलोमीटर, म्हणून लोक सकाळी उशिरा पोचतात आणि चारच्या आसपास परततात. नेमकी हीच वेळ गावाच्या वामकुक्षीची. एकच्या सुमारास दुकानांची शटर खाली येतात आणि दुपार कलल्यावरच वर जातात. मग 'तिथे काही नाही' असं सांगत माणसं घरी येतात, याचं मला वाईट वाटतं. संध्याकाळी वेंतिमिल्या घराण्याच्या किल्ल्याकडे (बांधकाम १३१६ पासूनचं) जाणाऱ्या रस्त्यावर सगळं गाव फिरायला बाहेर पडतं, गप्पांचे अड्डे जमतात. त्यासाठी दोन रात्री तरी राहा.

जेवणाच्या वेळाही सांभाळाव्या लागतात. स्वयंपाकघरं दुपारी अडीचच्या आसपास बंद होतात आणि रात्री साडेसात-आठशिवाय उघडत नाहीत. सोबत आजी-आजोबा किंवा लहान मुलं असतील तर सकाळीच बेकरीतून पाव, चीज, फळं घेऊन ठेवा.

शाकाहाऱ्यांची गडबड मात्र वेगळीच होते. 'कार्ने' म्हणजे मांस नको, एवढंच सांगितलं की काम झालं असं आपल्याला वाटतं. पण पानचेत्ता, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाचे तुकडे, किंवा सॉसमध्ये विरघळवलेली अँचोवी मासळी, यांना पुष्कळ स्वयंपाकी 'मांस' धरतच नाहीत. म्हणून एकेक नाव घेऊन विचारा ('सेन्झा' म्हणजे 'शिवाय'): सेन्झा कार्ने, सेन्झा पानचेत्ता, सेन्झा पेशे (मासे), सेन्झा अच्चुगे (अँचोवी). चीज बहुधा प्राण्यांच्या रेनेटवर, म्हणजे वासरांच्या पोटातून काढलेल्या विरजणावर, लावलेलं असतं, मादोनिएचं प्रोव्होला चीजसुद्धा. काही मिठाया डुकराच्या चरबीत तळतात. काटेकोर पाळणाऱ्यांनी हे आधीच विचारून घ्यावं. बाकी पोटाची काळजी नको. वांग्याची आंबटगोड कापोनाता आणि डोंगरातली अळंबी आहेत. अळंबी खरी चाखायची तर वसंतात किंवा शरदात जा. भर उन्हाळ्यात मेनूवर ती दिसली तर ताजी आहेत का, ते विचारा.

उन्हाळ्याचा मान मान्नाचा, म्हणजे झाडाच्या वाळलेल्या गोड रसाचा. अ‍ॅश झाडाच्या सालीला विळ्यासारख्या हत्याराने आडवी चीर देतात. कडवट, निळसर रस पाझरतो आणि उन्हात वाळून पांढरा, गोड होत जातो. आता बरेच शेतकरी चिरेखाली दोरा लावतात. रस त्यावरून ओघळतो आणि सालीचा कचरा न लागता स्वच्छ कांडी तयार होते. पाऊस आला की ती विरघळते, म्हणून जुलै ते सप्टेंबर हाच हंगाम. इथे दोन चुका होतात. एक, मान्ना चाखायला छान म्हणून मूठभर खाणं. त्यात मॅनिटॉल नावाचं साखरेसारखं द्रव्य असतं आणि ते पोट साफ करतं, ट्रेकच्या सकाळी तर नकोच. दुसरी, झाडाला लावलेल्या कांड्या 'रानातलंच आहे' म्हणून तोडणं. तो कुणाच्या तरी वर्षभराच्या मेहनतीचा माल असतो. दुकानातून विकत घ्या.

ट्रेकसाठी लोक पिआनो सेंप्रियाहून पिआनो पोमोला जातात. तिथली हॉलीची (काटेरी पानांची, सदाहरित) झाडं पंधरा मीटरच्या आसपास उंच आणि शतकांची जुनी आहेत. एरवी हॉली म्हणजे झुडूप, इथे तिचं घनदाट रान आहे. ही वाट सोपी. खरी सावधगिरी हवी पिझ्झो कार्बोनाराला. १९७९ मीटरचं हे शिखर सिसिलीत एटनाखालोखाल उंच. सह्याद्रीत फिरणारा माणूस मनात धरतो की वर टाकं असेल, पाणी मिळेल. हा चुनखडीचा डोंगर आहे, पाणी भेगांतून खाली मुरतं आणि माथा कोरडाच राहतो. माणशी दोन-तीन लिटर पाणी खालूनच न्या. माथ्यावर खोल खळगे आहेत, धुकं उतरलं की सगळे सारखेच दिसतात. नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा. धुक्यात अडकलात तर वाट शोधत भटकू नका, थांबा. फार अडलंच तर ११२ ला फोन. मेंढ्यांचे कळप दिसले तर लांबून वळसा घ्या, राखणीचे कुत्रे जवळ येऊ देत नाहीत.

बसचं सांगून ठेवतो. गावात रेल्वे नाही, गाडी चेफालूपर्यंतच. पुढच्या बस रविवारी आणि सणावारी फारच तुरळक असतात, शिवाय १५ ऑगस्टच्या आसपास सगळं इटली सुट्टीवर असतं. परतीची वेळ उतरतानाच विचारून घ्या. बस चुकलीच तर थांब्यावर ताटकळू नका. जवळच्या बारमध्ये जाऊन कॉफी घ्या आणि गाडीवाल्याचा नंबर मागा. भाडं मात्र बसण्याआधीच ठरवा.