खारीचं पोरकं पिल्लू: आधी ऊब, मग पाणी, दूध सगळ्यात शेवटी

उन्हाळ्याच्या अखेरीस वळवाचं वादळ येतं आणि पावसाळ्याआधीची झाडांची छाटणीही तेव्हाच सुरू होते. खारीची घरटी या दिवसांत हमखास खाली येतात. काथ्या, कापूस, चिंध्या, वाळकं गवत गोळा करून खार घरटं करते. ते माडाच्या झावळ्यांत असतं, खिडकीच्या ग्रिलमागे असतं, बाहेर लावलेल्या एसीच्या आडोशालाही असतं. खाली पडलेलं पिल्लू घरात आणलं की बहुतेक जण पहिल्यांदा दुधाची वाटी शोधतात. माणसाच्या हाती आलेली पिल्लं उपासमारीपेक्षा या घाईनेच जास्त दगावतात.

दुधाआधी पिल्लू खरंच पोरकं आहे का ते बघा. घरटं मोडलं किंवा धोका वाटला की खार एकेक पिल्लू तोंडात धरून दुसरीकडे हलवते, त्यामुळे एखादं वाटेत राहिलेलं असू शकतं. माणसाचा वास लागला की आई पिल्लाला टाकते, हा निव्वळ गैरसमज आहे. पिल्लू अंगाला गरम असेल, जखम नसेल आणि दिवस असेल, तर त्याला छोट्या टोपलीत किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात मऊ कापडावर ठेवा. कापडाखाली कोमट पाण्याची छोटी बाटली द्या आणि खोकं त्याच झाडाला, मांजर पोचणार नाही इतक्या उंचीवर बांधा. बांधायच्या दोरीला तेल किंवा व्हॅसलिन चोपडा, नाहीतर मुंग्या पिल्लाला लागतात. मग लांब जा आणि चार-पाच तास वाट बघा. बाटली निवली तर बदला. खार दिवसाच हिंडते, अंधार पडल्यावर ती पिल्लू न्यायला येत नाही. संध्याकाळपर्यंत आली नाही तर पिल्लाला रात्रभर घरात ऊब द्या आणि उजाडताच पुन्हा खोकं बांधा.

मांजराच्या तोंडातून सुटलेलं पिल्लू मात्र आईची वाट बघत ठेवू नका. दाताची खूण दिसो न दिसो, मांजराच्या लाळेतल्या जंतूंनी एक-दोन दिवसांत रक्तात विष पसरतं. त्याला त्याच दिवशी पशुवैद्याकडून अँटिबायोटिक मिळायला हवं. महाराष्ट्रात वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे, तिथून जवळच्या बचाव केंद्राचा पत्ता मिळतो. खार हा वन्यप्राणी आहे, पिंजऱ्यात पाळायचा नाही. पुढचं सगळं केंद्रापर्यंत पोचेपर्यंतच्या काळासाठी आहे, किंवा जवळपास केंद्रच नसेल तर केंद्राच्या नाहीतर पशुवैद्याच्या फोनवरच्या सल्ल्याने करण्यासाठी.

पिल्लू हातात घेतलं की आधी अंगावरच्या मुंग्या मऊ ब्रशने काढा. कानात, काखेत आणि शेपटीच्या बुडाशी माशीची अंडी असतात, तांदळाच्या कणीसारखी पांढरी. तीही चिमट्याने वेचा. मग ऊब. बिनकेसाच्या पिल्लाला स्वतःच्या अंगाची उष्णता टिकवता येत नाही, त्याच्याभोवती ३२ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान लागतं. केस आलेल्याला २७ ते ३० पुरतं. पाव किंवा अर्ध्या लिटरच्या बाटलीत गरम पाणी भरून ती मोज्यात घाला आणि खोक्याच्या अर्ध्याच भागात, कापडाखाली ठेवा. जास्त गरम झालं तर पिल्लाला सरकायला गार बाजू हवी. दर दोन तासांनी बाटली बदला, कारण निवलेली बाटली उलट पिल्लाच्याच अंगातली उष्णता ओढून घेते. बल्ब डोक्यावर लावू नका, त्याने उघडी कातडी सुकते. अंथरायला जुना टी-शर्ट किंवा सुती साडीचा तुकडा घ्या. टॉवेलच्या फासांत नखं अडकतात, कापसाचे तंतू पायाला गुंडाळतात.

पोटाला हात लावल्यावर तुमच्या बोटापेक्षा गार लागत असेल तर तोंडात थेंबभरही काही घालायचं नाही. गार पोटात पचन चालत नाही, दूध तसंच राहून आंबतं आणि पोट फुगतं.

अंग गरम झालं की पाणी. ४.२ ग्रॅमचं ओआरएसचं छोटं पाकीट उकळून कोमट केलेल्या २०० मिली पाण्यात विरघळवा. मानेवरची कातडी हलकेच चिमटीत धरून सोडा. ती तशीच उभी राहिली, किंवा लघवी गडद पिवळी दिसली, तर अंगातलं पाणी कमी आहे. पहिल्या दोन-तीन वेळा फक्त ओआरएस. मग एक भाग दूध आणि तीन भाग ओआरएस, नंतर निम्मं-निम्मं, नंतर तीन भाग दूध, असं करत साधारण दिवसभरात पूर्ण दुधावर या.

दूध म्हणजे गाई-म्हशीचं नव्हे. त्यातली साखर या पिल्लांना पचत नाही, जुलाब लागतात, आणि एवढ्याशा जिवाला जुलाबाचा एक दिवसही जड जातो. पाळीव प्राण्यांच्या दुकानात कुत्र्याच्या पिल्लांसाठीची दुधाची पावडर मिळते, ती आणा आणि डब्यावर दिलेल्या प्रमाणात कालवा. गुठळ्या मोडल्यावर थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवली तर फेस बसतो. फेसातली हवा पोटात जाते, म्हणून ही खटपट. कालवलेलं दूध २४ तासांनी फेकून द्या. रात्री दुकान बंद असेल तर सकाळपर्यंत ओआरएसवर भागवा, गाईच्या दुधापेक्षा ते बरं.

किती पाजायचं ते वयापेक्षा वजनावर ठरवा. एकेका ग्रॅमचा फरक दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. एका वेळेला वजनाच्या पाच टक्के, म्हणजे १० ग्रॅमच्या पिल्लाला अर्धा मिली, २० ग्रॅमला एक मिली, ४० ग्रॅमला दोन. बिनकेसाच्या पिल्लाला दर दोन-अडीच तासांनी, रात्रीही एक-दोनदा. केस आले पण डोळे मिटलेले असतील तर दर तीन तासांनी. डोळे उघडल्यावर चार तासांनी, आणि मग रात्रीचं पाजणं थांबवता येतं. रोज सकाळी पहिल्या पाजण्याआधी वजन लिहून ठेवा. ते लागोपाठ दोन दिवस वाढलं नाही तर पशुवैद्याला विचारा.

सिरिंज एक मिलीची, सुई काढलेली. औषधाच्या दुकानात बऱ्याचदा इन्सुलिनची सिरिंज देतात. तिच्यावरच्या खुणा मिलीच्या नसतात: यू-४० वर ४० युनिट म्हणजे एक मिली, यू-१०० वर १००. हा घोळ झाला तर अडीचपट दूध जाऊ शकतं. सुई निघत नसेल अशी सिरिंज घेऊच नका, ट्युबरक्युलिन सिरिंज (एक मिलीची, मिलीच्याच खुणांची) मागा.

पिल्लाला पालथं, डोकं किंचित वर, कापडात गुंडाळून धरा. माणसाच्या बाळासारखं उताणं धरून पाजलं की दूध फुप्फुसात जातं. दूध मनगटावर कोमट लागेल इतपत गरम हवं. थेंब ओठाला लावा, पिल्लाला चाटू द्या, मग त्याच्या गतीने एकेक थेंब. नाकातून दूध आलं तर लगेच थांबा, डोकं खाली करा, नाक टिपून घ्या आणि श्वास मोकळा झाल्याशिवाय पुढे पाजू नका. नंतरच्या एक-दोन दिवसांत श्वासाबरोबर टिक्-टिक् आवाज आला किंवा तोंड उघडं टाकून श्वास चालू झाला तर तो न्यूमोनिया आहे. घरगुती उपायात वेळ घालवू नका.

पाजून झालं की काम संपत नाही, आणि नवखे नेमकं हेच विसरतात. डोळे उघडेपर्यंत पिल्लाला आपली आपण शी-शू करता येत नाही. आई चाटते तेव्हाच होते. कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसाने शेपटीखाली हलके, भराभर पुसत राहा, अर्धा-एक मिनिट. प्रत्येक पाजण्याच्या वेळी. शू फिकट आणि शी पिवळसर-तपकिरी, आकार असलेली हवी. पोट टणक फुगलं तर दूध बंद करा, कोमट पाण्यात कमरेपर्यंत दोन-तीन मिनिटं धरा, पोट हलक्या बोटाने चोळा, लगेच कोरडं करून उबेत ठेवा आणि पुढच्या वेळी फक्त ओआरएस द्या. त्यानेही पोट उतरलं नाही तर दवाखाना.

डोळे साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उघडतात. त्यानंतर हळूहळू दुधात भिजवलेलं पपी फूड, पेरू, काकडी, मक्याचे कोवळे दाणे, शेवग्याचा पाला, जास्वंदीची फुलं पुढ्यात ठेवा. दूध एकदम तोडू नका, पिल्लू स्वतःच नको म्हणायला लागतं. शेंगदाणे आणि सूर्यफुलाच्या बिया खार आवडीने खाते म्हणून लोक त्याच भरवत बसतात. त्यांत कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस जास्त असतो. हाडं मऊ पडतात, मागचे पाय ओढत चालणारी खार दिसते ती बहुधा यातूनच. समुद्रफेसाचा (माकूळ या समुद्री जिवाच्या पांढऱ्या, चुनखडीसारख्या हाडाचा) तुकडा कुरतडायला ठेवा, त्याने दातही झिजतात. सकाळचं कोवळं ऊन दहा-पंधरा मिनिटं द्या, पण जाळीतून आणि सावलीची सोय ठेवून. काचेआडचं ऊन हाडांच्या कामाचं नाही.

या वयापासून हाताळणं कमी करा. खांद्यावर चढणारी खार व्हिडिओत गोड दिसते, पण बाहेर सुटल्यावर ती अनोळखी माणसाच्या अंगावर उडी घेते आणि मार खाते. शक्यतो दोन पिल्लं एकत्र वाढवा. उंच पिंजरा, जाळी अर्ध्या इंचाहून बारीक, आत सालासकट फांद्या आणि झोपायला काथ्या भरलेली करवंटी.

दहा-बारा आठवड्यांची, शेपटी झुपकेदार झालेली, दूध सुटलेली आणि माणूस दिसला की दडणारी खार सोडायच्या लायक झाली. पिंजरा आठवडाभर झाडाशीच ठेवा, वर अर्ध्या भागावर आडोसा करा. मग एका कोरड्या दिवशी सकाळी दार उघडा. पावसाची झड असेल तर थांबा. करवंटी आणि थोडं खाणं तिथेच राहू द्या. काही दिवस ती रात्री परत येते, मग फेऱ्या कमी होत जातात. तशी खाण्याची वाटीही कमी करत न्या.