‘यमुना’चा माग: जुन्या स्त्री-नावाचं मूळ आणि ते धारण करणाऱ्या बायका कशा शोधाव्यात

आजी-पणजीच्या नावाचं टिपण लिहायला बसलं की बहुतेक जण नावाचा अर्थ पाहतात, दोन-चार प्रसिद्ध बायका जोडतात आणि थांबतात. मराठी स्त्री-नावांना ही पद्धत पुरत नाही. माहेरचं नाव एक, लग्नानंतरचं दुसरं, घरात हाक मारायचं तिसरं, आणि चरित्रकोशात नोंद होते ती दुसऱ्या नावाखाली. ‘यमुना’ हे याचं उत्तम उदाहरण आहे. कोशाच्या सूचीत फक्त ‘य’ काढून पाहिलंत, तर या नावाच्या सर्वांत मोठ्या दोन बायका तुम्हाला सापडणारच नाहीत. म्हणून इथे यमुना हेच नाव घेऊन सगळी रीत दाखवली आहे. गोदावरी, भागीरथी, तापी या नावांनाही ती तशीच लागू पडते.

आधी रूपांची यादी करा

शोध सुरू करण्यापूर्वी नावाची जितकी रूपं कागदावर येऊ शकतात तितकी एका खाली एक लिहा: यमुना, यमुनाबाई, यमू, यमी, जमुना, जमना, जमनाबाई. ‘य’चा ‘ज’ होणं उत्तरेकडच्या आणि गुजरातीच्या सहवासातलं आहे, पण मराठी घराण्यांतही ते दिसतं. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांच्या राणी मराठी लिखाणात कुठे यमुनाबाई आहेत, कुठे जमनाबाई. १८७५ साली मल्हाररावांना गादीवरून दूर केल्यावर कवळाण्याच्या गोपाळरावाला दत्तक घेऊन ज्यांनी सयाजीराव घडू दिला, त्या याच. एकच रूप धरून शोधलं तर त्यांची अर्धी माहिती निसटते.

इंग्रजी कागदपत्रांत नदीचंच नाव त्या काळी ‘जम्ना’ असं उच्चारून लिहीत, त्यामुळे रोमन अक्षरांत शोधताना वाय आणि जे दोन्ही आद्याक्षरं पाहावी लागतात. आडनावाचंही तेच. आनंदीबाई जोशींच्या अमेरिकेतल्या स्मृतिशिळेवर ‘जोशी’च्या शेवटी आय नसून दोन ई आहेत. आजच्या सवयीच्या स्पेलिंगने शोधणाऱ्याला ती नोंद दिसत नाही.

मोडी कागद हाती आला तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद तिथे सहसा पाळलेला नसतो, त्यामुळे ‘मु’ की ‘मू’ यावर डोकं घालवू नका. आणि शब्द तोडलेले नसतात. आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली सलग लिहीत जायची रीत असल्याने ‘यमुनाबाईकोमबाळाजी’ असा एकच लांब शब्द दिसतो. नाव कुठे संपलं हे ठरवण्यासाठी ‘कोम’सारखा (म्हणजे ‘ची बायको’) नातेदर्शक शब्द शोधायचा.

मूळ: अर्थाच्या पुस्तकाऐवजी कोश उघडा

बाळाच्या नावांच्या संग्रहात ‘यमुना: एक पवित्र नदी’ एवढंच मिळतं. अमरकोशात त्याहून खूप जास्त आहे, तेही एका ओळीत: ‘कालिन्दी सूर्यतनया यमुना शमनस्वसा’. कलिंद पर्वतातून आली म्हणून कालिंदी, सूर्याची मुलगी म्हणून सूर्यतनया, आणि शमन म्हणजे यम, त्याची बहीण म्हणून शमनस्वसा. मुळात ‘यम’ म्हणजे जुळं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या दहाव्या सूक्तात यम आणि यमी यांचा संवाद आहे, आणि त्याच मंडलाच्या पंचाहत्तराव्या सूक्तात नद्यांच्या नामावळीत गंगेपाठोपाठ यमुना येते. यमाची जुळी बहीण यमी आणि नदी यमुना या दोघी एकच, ही जोडणी पुराणांतली आहे. टिपणात हे दोन थर वेगळे ठेवा. ‘वेदांत यमुना ही यमाची बहीण आहे’ असं सरसकट लिहिणं चूक ठरेल.

मग महाराष्ट्रात नसलेल्या नदीचं नाव इथल्या मुलींना इतकं का ठेवलं गेलं? याचं उत्तर रोजच्या स्नानाच्या श्लोकात आहे: ‘गङ्गे च यमुने चैव गोदावरि सरस्वति, नर्मदे सिन्धु कावेरि जलेऽस्मिन् सन्निधिं कुरु’. सात नद्या, आणि सातही नावं जुन्या मराठी घरांत मुलींना सर्रास ठेवलेली दिसतील. घरातली एक मुलगी गंगा आणि दुसरी यमुना असेल, तर नाव याच माळेतून आलं असं धरायला हरकत नाही. म्हणून एका बाईचं नाव शोधताना तिच्या सगळ्या बहिणींची नावं आधी मिळवा. एकट्या नावापेक्षा भावंडांची रांग जास्त सांगते.

दुसरा धागा भाऊबीजेचा. कार्तिक शुद्ध द्वितीयेला यम बहिणीकडे, यमुनेकडे जेवायला गेला, म्हणून ती यमद्वितीया. मुलगी त्या सुमारास जन्मली असेल तर हे कारण तपासून पाहा, पण जन्मतिथी हाती आल्याशिवाय ते लिहून टाकू नका.

तिसरा धागा पत्रिकेचा. अवकहडा चक्रात, म्हणजे नक्षत्रावरून नावाचं आद्याक्षर ठरवायच्या तक्त्यात, ‘नो, या, यी, यू’ ही ज्येष्ठा नक्षत्राची अक्षरं आणि ‘ये, यो, भा, भी’ ही मूळ नक्षत्राची. जुनी पत्रिका असेल तर तिच्यातलं जन्मनाव आणि व्यवहारातलं नाव वेगळं असू शकतं. पत्रिकेत एक नाव आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरं दिसलं की दोन मुली होत्या असा निष्कर्ष घाईने काढला जातो. आधी आईवडिलांची नावं आणि जन्मतिथी ताडून बघा.

एका फसव्या साम्यापासून सावध राहा. औंधची यमाई ही देवी आणि यमुना ही नदी यांचा संबंध नाही. रामाने ‘ये माई’ म्हटलं म्हणून यमाई, अशी तिची लोककथा आहे. सातारा-पुण्याकडच्या घरात ‘यमू’ किंवा ‘यमाबाई’ आढळली तर ती कुलदेवीवरून आलेली असण्याची शक्यता बरीच असते. लाडकं रूप एकटं पुरावा म्हणून चालत नाही, पूर्ण नाव कुठेतरी लिहिलेलं सापडायला हवं.

धारण करणाऱ्या: तीन रकाने आखा

कागदावर तीन रकाने करा: जन्मनाव यमुना, लग्नानंतर यमुना, आणि लेखनातली यमुना. एकाच यादीत सगळ्यांना कोंबलं की कालक्रम आणि अर्थ दोन्ही विस्कटतात.

पहिल्या रकान्यात दोन नावं आधी येतात. ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेली कल्याणच्या गणपतराव जोशींची मुलगी यमुना, म्हणजे लग्नानंतरच्या आनंदीबाई जोशी. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या एम.डी. झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. दुसरी, देवराष्ट्रे इथल्या कुर्लेकरांची यमुना. १८७३ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांशी लग्न झाल्यावर ती रमाबाई झाली. पुण्याच्या सेवासदनाच्या रमाबाई रानडे त्या याच. दोघींच्या कर्तृत्वाच्या नोंदींत यमुना हे नाव फारतर एका ओळीत येतं, आणि तेवढ्यासाठी चरित्राची सुरुवातीची पानं वाचावी लागतात. सूची बघून भागत नाही.

आनंदीबाईंच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे: माहेर जोशी आणि सासरही जोशी. आडनाव बदललं नाही म्हणून नावही बदललं नसेल असं वाटतं. इथे फक्त मधलं नाव उपयोगी पडतं. यमुना गणपतराव ही मुलगी, आनंदी गोपाळ ही तीच, लग्नानंतर. म्हणून प्रत्येक नोंदीत मधलं नाव वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

नदीचं नाव लग्नात बदललं जाण्याची ही काही दोनच उदाहरणं नाहीत. टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई माहेरच्या तापी. महर्षी कर्व्यांशी १८९३ मध्ये पुनर्विवाह केलेल्या आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, या आधीच्या गोदूबाई, गोदावरी. लग्नानंतर तबकात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवं नाव लिहायची रीत आपल्याकडे अजूनही आहे. त्या तांदळाखाली किती यमुना आणि गोदावरी गेल्या याची मोजदाद कुठेच नाही, आणि म्हणूनच माहेरच्या नावाचा शोध घेणं मोलाचं आहे.

दुसऱ्या रकान्यात गायकवाडांच्या जमनाबाई आणि विनायक दामोदर सावरकरांच्या पत्नी यमुनाबाई (माई, मृत्यू १९६३). बडोद्याच्या राण्यांचे कागद पाहताना उलटी चूकही टाळा: सयाजीरावांच्या दोन्ही पत्नींचं सासरचं नाव चिमणाबाईच होतं. पहिल्या माहेरच्या लक्ष्मीबाई, दुसऱ्या गजराबाई. एक नाव म्हणजे एक बाई, हे गृहीतक दोन्ही बाजूंनी फसतं.

यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) यांना स्वतंत्र जागा द्या. बैठकीच्या लावणीच्या या थोर गायिकेने तेच नाव आयुष्यभर आणि मंचावरही वापरलं, २०१२ साली पद्मश्रीही त्याच नावाने मिळाली. पण ‘वाईकर’ हे वाई गावावरून. कागदोपत्री आडनाव जावळे. कलावंतांच्या बाबतीत गावावरून पडलेलं आडनाव घेऊन घराण्याचा शोध घेतला की माणूस भलत्याच वाईकरांकडे पोचतो.

तिसऱ्या रकान्यात १८५७ ची बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी. नायिकेला हे नाव दिलं गेलं त्यानंतर काही वर्षांतच वरच्या खऱ्या दोन यमुना जन्मल्या. नाव त्या पिढीत ओळखीचं होतं एवढं यावरून म्हणता येतं, ‘सर्वाधिक लोकप्रिय’ असं म्हणता येत नाही.

घरातल्या यमुनेसाठी कुठले कागद

सर्वांत आधी शाळेचं जनरल रजिस्टर. मुलगी शाळेत गेली असेल तर माहेरचं नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख एकाच ओळीत मिळते. शाळेत गेलीच नसेल तर गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक. त्यात मुलीचं नाव पुष्कळदा नसतंच, ‘मुलगी’ एवढंच आणि बापाचं नाव असतं. अशा वेळी भावंडांच्या नोंदींमधल्या अंतरावरून ती कोणती हे ठरवावं लागतं.

सासरच्या बाजूला फेरफार नोंदी (जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या) आणि वारस नोंदी उपयोगी. पती वारल्यावर विधवेचं नाव लागलेलं असतं, आणि वडिलांच्या जमिनीत मुलींची नावं लागली असतील तर तिथे सासरचं नाव आणि माहेरचा बाप एकत्र सापडतात. माहेर-सासर जोडणारा याहून पक्का दुवा क्वचितच मिळतो. या नोंदींत ‘कोम’, ‘भ्र.’ (भ्रतार) किंवा ‘जौजे’ असं दिसलं की पुढचं नाव नवऱ्याचं. ‘बिन’ असेल तर बापाचं. ‘आपले अभिलेख’ पोर्टलवर काही जिल्ह्यांचे जुने फेरफार स्कॅन करून ठेवले आहेत. तुमचा जिल्हा नसेल तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करून नक्कल घ्यावी लागते.

घराण्याचा छापील कुलवृत्तांत असेल तर आधी तो उघडा, सुनांची माहेरची नावं त्यात बऱ्याचदा दिलेली असतात. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूरच्या तीर्थोपाध्यांच्या, यात्रेकरूंच्या वंशावळी लिहिलेल्या वह्यांसाठी मूळ गाव आणि आडनाव दोन्ही सांगता आलं पाहिजे. नुसतं बाईचं नाव सांगून कुणालाही वही काढता येत नाही.

साल जुळवताना

शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे अर्धंच खरं. शकाचं वर्ष चैत्रात बदलतं, त्यामुळे १ जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतच्या तारखांना ७९ मिळवायचे. रमाबाई रानड्यांचा जन्म २५ जानेवारीचा, आणि पुस्तकांत साल कुठे १८६२ तर कुठे १८६३ सापडतं. जानेवारी ते मार्चमधल्या जन्माबाबत एका वर्षाचा फरक दिसला की पहिला संशय या रूपांतरावर घ्यावा. फसली, म्हणजे जुन्या महसुली सालाला ५९० किंवा ५९१ मिळवतात, महिन्यावरून ठरवून.

टिपण कसं लिहावं

एक बाई, एक नोंद, आणि शीर्षक जन्मनावाचं. उदाहरणार्थ: ‘यमुना गणपतराव जोशी, जन्म १८६५; लग्नानंतर आनंदी गोपाळ जोशी; रोमन लिपीत आडनावाच्या शेवटी दोन ई’. त्याखाली प्रत्येक नाव कोणत्या कागदावर दिसलं ते लिहा. माहेरचं नाव फक्त घरच्यांच्या तोंडून कळलं असेल तर सांगणाऱ्याचं नातं आणि ऐकल्याची तारीख शेजारी टाका, आणि ते नाव कागदावर सापडलेल्या नावांपासून वेगळ्या ओळीत ठेवा. पुढे फेरफार किंवा दाखला मिळाला की ती ओळ वर सरकवता येते.