जहाज बुडायला लागलं तर जीव कसा वाचवायचा, युद्धातल्या खलाशांकडून शिका

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीचा टॉर्पेडो लागला आणि आयएनएस खुकरी काही मिनिटांतच बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन मुल्ला जहाज सोडून गेलेच नाहीत. इतक्या कमी वेळात डोकं चालत नाही हो, सवय असेल तेवढंच हातून होतं. म्हणून जहाजावर पाय ठेवला की पहिलं काम म्हणजे बंकपासून डेकपर्यंतचा रस्ता डोळे मिटून, हाताने चाचपडत चालून बघायचा, शिडी कुठे, दरवाजा कुठल्या बाजूला उघडतो सगळं, कारण स्फोट झाला की लाईट जाते. लाइफ जॅकेट उशाशीच ठेवा.

शक्यतो दोरी किंवा शिडीने उतरा. उडीच मारावी लागली तर एका हाताने नाक-तोंड दाबायचं, दुसऱ्याने जॅकेट घट्ट खाली धरायचं, पाय जुळवायचे आणि नजर समोर. पाण्यावर तेल पेटलं असेल तर वारा जिकडून येतोय त्या बाजूने उतरा.

मग लांब जा. २२ सप्टेंबर १९१४ ला जर्मन पाणबुडीने अबुकीर, होग आणि क्रेसी या तीन ब्रिटिश युद्धनौका बुडवल्या, त्यात वायकम-मसग्रेव्ह नावाचा १५ वर्षांचा पोरगा अबुकीरवरून उडी मारून जीव खाऊन पोहत लांब गेला, होगवर पोचतोय तोच ती बुडाली, मग क्रेसी, तीही गेली, शेवटी लाकडाचा तुकडा धरून राहिला आणि डच बोटीने त्याला उचललं. हाताला येईल ते तरंगतं धराच.

युद्धनौकेवरचे डेप्थ चार्ज, म्हणजे पाणबुडीवर टाकायचे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब, ती बुडताना खाली फुटू शकतात, पाण्यातून येणारा धक्का थेट आतड्यांना लागतो, म्हणून उताणं पडून पोट-छाती होईल तेवढी पाण्याबाहेर ठेवा.

त्यानंतर उगाच पोहू नका, कपडे काढू नका, अंगातली ऊब जाते. गुडघे पोटाशी घ्या, एकमेकांना बिलगून रहा. आणि समुद्राचं पाणी एक घोटसुद्धा नाही! जुलै १९४५ मध्ये अमेरिकन युद्धनौका इंडियानापोलिस बुडाल्यावर जवळपास ९०० जण पाण्यात होते, चार दिवसांनी वाचले ३१६, खारं पाणी प्यायलेल्यांना भास व्हायचे आणि ते घोळका सोडून पोहत निघून जायचे. असं कोणी करायला लागलं तर त्याला जॅकेटला धरून ठेवा.

बोट आली की सगळे एकाच बाजूने चढू नका, उलटते. बराच वेळ पाण्यात असलेल्याला जमेल तसं आडवंच उचला, उभं ओढलं तर रक्तदाब पडून तिथेच जीव जाऊ शकतो, आणि हातपाय चोळू नका, कोरड्यात गुंडाळून झोपवा.