लिस्बन पायी फिरताय? या चुका टाळा

लिस्बनचा मध्यभाग नकाशावर तळहाताएवढा दिसतो. प्रासा दु कोमेर्सियु या नदीकाठच्या चौकातून रोसियु चौकापर्यंत सरळ चालत गेलं तर दहा मिनिटं लागतात. ते पाहून दोघं मित्र एका दिवसात टेकडीवरचा किल्ला, त्याच्या उतारावरची अल्फामा ही जुनी वस्ती, वरच्या अंगाचा शियादु भाग आणि नदीकाठचं बेलें असा बेत आखतात. दुपारी तीनपर्यंत एकाच्या पोटऱ्या भरून येतात, दुसरा चिडतो, आणि संध्याकाळ बाकावर बसून जाते. बेत चुकतो तो बहुतेक वेळा अंतर मोजलं पण चढ मोजला नाही म्हणून.

चढ पायी, उतार ट्रामने

नेमकं उलट करायचं असतं. बायशा, म्हणजे 1755 च्या भूकंपानंतर काटकोनात आखून बांधलेला सखल भाग, जवळपास नदीच्या पातळीवर आहे. साओ जॉर्ज किल्ल्याची टेकडी सुमारे 110 मीटर उंच. नकाशाचं ॲप बायशा ते किल्ला हे अंतर मीटरमध्ये दाखवतं आणि ‘12 मिनिटं’ म्हणतं. त्यातल्या पायऱ्या त्याच्या खिजगणतीत नसतात.

बायशातून किल्ल्याकडे जायला दोन सार्वजनिक लिफ्ट आहेत आणि त्यांना तिकीट लागत नाही. पहिली रुआ दुश फांकेरुश या रस्त्यावरच्या एका साध्या इमारतीत आहे. दार इतर दुकानांच्या ओळीत मिसळून जातं, त्यामुळे किल्ल्याची पाटी शोधावी लागते. ही लिफ्ट तुम्हाला रुआ दा मादालेना रस्त्यावर सोडते. तिथून थोडं वर शाओं दु लोरेइरु इथे सुपरमार्केट आणि वाहनतळाची इमारत आहे. तिच्या लिफ्टने सर्वांत वरच्या मजल्यावर गेलात की कॉश्ता दु काश्तेलु रस्ता लागतो. पुढे किल्ल्याच्या दारापर्यंत चढ उरतोच, पण मोठा टप्पा वाचलेला असतो. या लिफ्ट अधूनमधून बंद असतात. तशा दिसल्या तर दुरुस्तीची वाट पाहत थांबू नका, जवळच्या पायऱ्या धरा.

शियादुला जायचं असेल तर बायशा-शियादु मेट्रो स्थानकात खालच्या दाराने शिरा आणि सरकत्या जिन्यांनी वरच्या दाराने बाहेर पडा. फलाटावर जायचं नसेल तर तिकीट नको. सांता जुश्ता लिफ्टच्या रांगेत उभं राहायचं कारण फक्त लिफ्ट आतून पाहणं एवढंच असू शकतं. 1902 ची ही 45 मीटर उंच लोखंडी लिफ्ट जिथे पोचवते, त्या कार्मु मठाच्या मागच्या गच्चीवर शियादुकडून चालतही जाता येतं. दृश्य जवळजवळ तेच. शिवाय भूकंपात छत गेलेला कार्मु मठ शेजारीच आहे.

खड्या चढावर केबलने ओढल्या जाणाऱ्या ग्लोरियाच्या ट्रामवर बेत टांगू नका. सप्टेंबर 2025 मध्ये तिला अपघात होऊन 16 माणसं गेली, त्यानंतर तशा गाड्या बंद केल्या गेल्या. काय चालू आहे ते निघायच्या आदल्या दिवशी पाहून घ्या.

28 नंबरची ट्राम

पिवळी, छोटी, फोटोतली. सकाळी दहानंतर तीत उभं राहायला जागा मिळत नाही, आणि खिसेकापूंचं आवडतं ठिकाण तेच. गर्दीत कुणी नकाशा समोर धरून रस्ता विचारू लागलं की हात आधी खिशावर जाऊ द्या. फोन मागच्या खिशात नको, पाठीवरची बॅग पोटावर घ्या.

तिचा खरा उपयोग सकाळी लवकर. मार्तीं मोनिझला, म्हणजे पहिल्याच थांब्यावर चढलात तर बसायला मिळतं. ग्रासा या टेकडीवरच्या वस्तीत उतरा. तिथून थोडा चढ चालून सेन्योरा दु मोंत गाठा, शहर वरून पाहायच्या सज्ज्यांतला हा सर्वांत उंच. मग परत ग्रासाच्या सज्ज्यावर, पुढे साओं व्हिसेंत चर्च, पोर्ताश दु सोल, सांता लुझिया हे आणखी दोन सज्जे आणि तिथून अल्फामाच्या पायऱ्यांनी खाली फादु या पोर्तुगीज गाण्यांच्या संग्रहालयापर्यंत. सेन्योरा दु मोंत सोडलं की जवळपास सगळा उतारच. शेवटी नदीच्या कडेने सपाट रस्त्यावरून प्रासा दु कोमेर्सियु. मंगळवार किंवा शनिवार असेल तर साओं व्हिसेंतच्या मागे फेइरा दा लाद्रा हा जुना बाजारही भरलेला असतो.

प्रवासाचं कार्ड मात्र प्रत्येकाचं वेगळं लागतं. एका कार्डावर दोघांना प्रवास करता येत नाही.

पाटी वाचली नाही

लिस्बनच्या रस्त्यांची नावं चढाची आगाऊ सूचना देतात. ‘एस्कादिन्याश’ दिसलं की पायऱ्या. ‘काल्सादा’ बहुधा खडा चढ. ‘बेकु’ म्हणजे बोळ, तो पुढे बंदही असू शकतो. ‘लार्गु’ म्हणजे छोटा चौक, तो आला की बसायला जागा आणि कदाचित कॅफे. गुडघा दुखणाऱ्या मित्राला घेऊन जाताना मी नकाशावरच्या निळ्या रेषेपेक्षा या पाट्यांवर जास्त विश्वास ठेवेन.

अल्फामात गल्ल्या इतक्या अरुंद की फोनवरचा ठिपका शेजारच्या गल्लीत उड्या मारतो. तिथे रस्ता चुकलात तर उतार धरून चाला, नदी लागते. पण किल्ल्याच्या पलीकडच्या, मोरारियाच्या बाजूला असाल तर तोच उतार मार्तीं मोनिझच्या मेट्रोपाशी आणतो. आपण कुठल्या बाजूला आहोत एवढं आधी ठरवा. चुकामूक झाली तर भेटायची जागाही नेमकी हवी. ‘रोसियुला भेटू’ म्हणून चालत नाही, चौक मोठा आहे. ‘प्रासा दु कोमेर्सियुत घोड्यावरच्या राजाच्या पुतळ्यापाशी’ असं सांगा.

बूट

फुटपाथवर चुनखडीचे आणि बेसॉल्टचे छोटे चौकोनी दगड बसवलेले असतात. वर्षानुवर्षं पाय लागून ते गुळगुळीत झालेत. कोरडे असतानाही उतारावर पाय सरकतो, पावसात तर सपाट तळाचा बूट निव्वळ धोका. रबरी, खाचांचा तळ हवा आणि बूट आधीपासून वापरातला हवा. ओल्या उतारावर पावलं लहान टाका आणि भिंतीच्या बाजूने चाला.

बेलें पायी

बेलें मध्यभागापासून सहा-सात किलोमीटरवर आहे आणि मधला रस्ता कंटाळवाणा. 15 नंबरची ट्राम घ्या किंवा काइश दु सोद्रेहून लोकल. जलद गाड्या बेलेंला थांबत नाहीत, फलक वाचून चढा. सोमवारी तिथला जेरोनिमुश मठ बंद असतो, ही चूक फार जण करतात. मठाच्या चर्चची रांग वेगळी असते. वास्को द गामाची कबर चर्चमध्ये आहे, मठाच्या अंगणात नाही. गोव्याच्या वाचकांसाठी आणखी एक: स्टेशनजवळच्या चौकात उंच खांबावर उभा आहे तो अफोंसु दि आल्बुकेर्क, 1510 मध्ये गोवा जिंकणारा.

टेबलावर न मागता आलेलं

हॉटेलात बसताच पाव, ऑलिव्ह, चीज समोर येतं. ते फुकट नसतं. खाल्लंत तर बिलात लागतं. नको असेल तर हात लावायच्या आधीच परत न्यायला सांगा. शाकाहारी असाल तर ‘काल्दु व्हेर्द’ या हिरव्या सूपकडे नीट पाहा, त्यात बहुधा डुकराच्या सॉसेजची चकती तरंगत असते. ‘पाश्तेल दि नाता’ या कस्टर्डच्या टार्टमध्ये अंडं असतं.

रुआ औगुश्तावर कुणी हळू आवाजात चरस विकायला आला तर मान हलवून पुढे चला, थांबून बोलू नका. तो बहुतेकदा दाबलेली तमालपत्रं विकत असतो.